दगडावर दगडाचं चित्र

थू! दगडावर दगडाचंच चित्र काढलंय. पाटणच्या घाटातली ही नाकेदाराची कोठी. दीडशे वर्सांची, सरकारनं संरक्षित म्हनून जपायला घेतलेली. दोन खोल्या, काळा घडीव दगड, वर कौलं. तिला आधी सिमेंटचं प्लास्टर, प्लास्टरवर चॉकलेटी ऑइलपेंट, आन् पेंटवर पांढऱ्या रेघा. का, तर दगडी दिसावी म्हनून! आरं, दगडीच व्हती की!

मी हरिबा पाथरवट. वीस वर्सांमागं हिचं सांधं मीच भरलं, चुन्यात गुळाचं पानी आन् हिरड्याचा काढा घालून. पावसाळ्यात पिलेलं पानी भिंत त्याच सांध्यांतनं उन्हाळ्यात सोडती. आता सिमेंटनं तिचं नाकतोंड दाबलं. दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटंल आन् कोठी भुईला जाईल.

ठेकेदार कोन? माझाच ल्योक, रविराज.

"कसली घान केलीस रं ही?"

"आबा, पुरातत्त्वच्या साहेबांनी बघितलंय. लय आवडलं त्यास्नी."

"भिंत फुगनार, ठावं न्हाई तुला?"

"ठावं हाय की. तवाचं तवा बघू."

ठावं हाय! न कळून केलं असतं तर पोटात घातलं असतं. ह्यानं कळून केलं. माझ्या हातनं शिकलेलं पोरगं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच छन्नी-हातोडा घेऊन गेलो आन् पायाजवळचं हातभर प्लास्टर उडवलं. आतला दगड वला किच्च. मानसं गोळा झाली. कुनीतरी फोन केला आसंल, साहेबाची जीप आली. मला बरंच वाटलं, म्हनलं आता तरी बघंल.

"साहेब, हात लावून बघा, पानी आत कोंडलंय."

त्यानं खिशातला हात भाईर काढला न्हाई. "संरक्षित वास्तूची नासधूस केलीत तुम्ही. हा गुन्हा आहे."

तिथंच पंचनामा लिवला. पुरातन बांधकामाचं हातभर नुकसान, म्हनं. पुरातन! रंगाचा वास अजून नाकात जात व्हता.

पंच म्हनून सही कराय कुनी पुढं येईना. मग रविराजनं पेन घेतला.

"ओळखता का यांना?" साहेबानं इचारलं.

"गावातलं हाईत," सही करत रविराज म्हनला. "डोकं जरा फिरलंय त्यांचं."