डाव्या हाताचा विळा

"डाव्या हाताचा? काकू, विळा तो विळा. धरा कुठल्याही हातात."

दुकानदाराने आणखी एक विळा काउंटरवर ठेवला. तिने तो उलटा करून पाहिला. दाते उजव्या हाताच्याच अंगाने पाडलेले. तीस वर्षं शिलाईकाम केलेल्या बाईला, उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की कापड कसं चावलं जातं, हे कुणी सांगायला नको होतं. तिने विळा परत ठेवला. हे चौथं दुकान होतं.

सहा महिन्यांपूर्वी नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. पाय बराचसा सावरला; उजवा हात गेला तो गेलाच. तेव्हापासून तो खिडकीपाशी बसून असे, विचारलं तेवढंच बोले. तीही रडली वगैरे नव्हती. कपडे शिवत होती, वेळेवर गोळ्या देत होती. दीर मागच्या आठवड्यात येऊन म्हणाला, "वहिनी, एवढी कापणी मी उरकतो आणि शेतही मीच बघतो. दादाच्याने आता काय होणार?" त्याचं काही चुकलं नव्हतं. उतारावरचा अर्धा एकर गहू, यंत्र तिथे वळत नाही. नवरा दरवर्षी हातानेच कापायचा.

दीर गेल्यावर नवरा मागच्या अंगणात गेला. जुना विळा डाव्या हातात धरून गवतावर ओढू लागला. पातं गवतावरून नुसतं घसरत राहिलं. मग त्याने विळा खुंटीला लावला आणि येऊन खुर्चीत बसला. तिने हे स्वयंपाकघरातून पाहिलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दुकानं पालथी घालायला निघाली.

चौथ्या दुकानदाराने शेवटी म्हाताऱ्या लोहाराचा पत्ता दिला. त्याच्या जागेत आता मुलगा लोखंडी दारं बनवत होता. ऐरण कोपऱ्यात सरकवलेली.

"जन्माचा डावखुरा की नंतरचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नंतरचा."

"मग मूठ बारीक लागेल. हाताचं माप आणा."

घरी येऊन तिने खाकी कागद टेबलावर पसरला आणि नवऱ्याचा डावा हात उचलून त्यावर ठेवला.

"कशाला?"

"माप हवंय."

तिने बोटांभोवती खडू फिरवला. गावभरच्या लोकांची मापं तिच्या वहीत होती. या हाताचं कधी घेतलं नव्हतं.

आठ दिवसांनी लोहाराने विळा हातात दिला. हलका, आखूड मुठीचा, उलट्या अंगाने दाते पाडलेला.

"पहिल्या दिवशी हसू नका त्यांना. रडूही नका."

"दोन्ही जमत नाही सध्या."

म्हातारा म्हणाला, "पण बाई, कापेल डावा. गहू मुठीत धरणार कोण?"

याचा विचार तिने केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेतात गेले. तो बांधाजवळ पाय लांब करून बसला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, मूठभर ताटं धरली आणि म्हणाली, "हं."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. "सरक. लागेल."

"ओढा तुम्ही."

पहिल्यांदा पातं अडकलं. दुसऱ्यांदा कापलं, वेडंवाकडं. सहाव्या-सातव्या मुठीला विळा निसटला आणि तिच्या करंगळीवरून गेला. रक्त आलं.

तो थांबला. "लागलं?"

"नाही."

"दाखव."

तिने बोट पदराला पुसलं आणि पुढची मूठ धरली. तो विळा तसाच उगारून बसला होता. मग म्हणाला, "इतकं वर नको धरूस. ताटं वाकतात. जरा खाली घे."

तिने मूठ खाली घेतली, पात्याच्या आणखी जवळ.