शिशाचं काळीज

शिवणकारखान्याच्या जेवणघरात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध स्टुलावर यान्का बसली होती, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत लाल कापडाखाली. तिच्या डोक्यावर धरलेल्या पाण्याच्या भांड्यात गावच्या कालिना आजीनं पळीतलं तापलं शिसं ओतलं. चर्र आवाज झाला, वाफ उठली, आणि आजीनं पाण्यातून काट्यांनी भरलेला वेडावाकडा गोळा बाहेर काढला.

"बघा गं, ही पोरीची भीती. आजार कसला घेऊन बसलात? दाब रक्ताचा नसतो, भीतीचा असतो."

बायकांनी छातीवर क्रूस काढले. आजीनं दुसऱ्यांदा छातीपाशी ओतलं, तिसऱ्यांदा पायांपाशी. तिसऱ्या खेपेला पाण्यातून निघाला एक गुळगुळीत, गोलसर, अगदी काळजासारखा गोळा.

"निघाली भीती," आजी म्हणाली. "हे काळीज जवळ ठेव. तीन दिवस घरात पडून राहायचं, मशीनचा आवाज कानावर पडता कामा नये. आणि डॉक्टरच्या त्या दाबाच्या गोळ्या बंद. गोळी भीतीला आत कोंडून ठेवते."

भांडं धरलं होतं त्याच कारखान्यात शिवणाऱ्या यान्काच्या थोरल्या बहिणीनं, नेवेनानं. शेवटच्या खेपेला भांडं तळहातांना चांगलंच गरम लागलं होतं, एवढं तिच्या ध्यानात राहिलं. रोडोपीच्या डोंगरात पोर दचकलं की शिसं ओततात, ही जुनी रीत. नेवेनावरही लहानपणी ओतलं होतं, आणि ती कुत्र्यांना अजून भिते. पण यान्काचं डोकं महिनोन्महिने ठणकत होतं, नाकातून रक्त येत होतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून तीही गप्प राहिली.

आणि खरंच गुण आला की. तीन दिवसांनी यान्का गुणगुणत कामावर आली. डोकं शांत, दाब उतरलेला. मग काय, आजीपुढे रांग लागली. मालक पेन्चेवसाहेब डॉक्टरची चिठ्ठी बघितली की नाक मुरडायचे, "चिठ्ठ्या शिवून कोट होत नाहीत," म्हणायचे. पण आजीचा शब्द खाली पडू देत नसत, तीन दिवसांची सुट्टी मुकाट द्यायचे. लहानपणी तिनं त्यांच्यावरही शिसं ओतलं होतं. शिवाय आजार भीतीचा म्हटलं की कारखान्याचा काही दोष उरत नव्हता.

हिवाळी कोटांची मोठी मागणी आली तसा साहेबांचा भक्तिभाव आटला. तीन दिवसांची सुट्टी बंद, शिसं जेवणाच्या वेळेत ओतायचं आणि घंटा झाली की मशीनवर बसायचं, असा हुकूम निघाला. आजीनंही मान डोलावली. मुकादमीण दर तासाला नावं घेऊन ओरडायची, मागे पडलीस तर उद्यापासून घरी बस म्हणायची. डोकी पुन्हा ठणकू लागली. आजी म्हणाली, "श्रद्धा कमी पडतेय तुमची."

यान्कानं गोळ्यांना हात लावला नाही. नेवेना रागावली, रडली, पण यान्का शिशाचं काळीज मुठीत धरून म्हणायची, "ताई, तूच भांडं धरलं होतंस ना? डोळ्यांनी पाहिलंस ना?"

आणि एका सकाळी बाही जोडता जोडता यान्का मशीनवर कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

इस्पितळात डॉक्टर इलिएव नेवेनाला म्हणाले, "कामाच्या ताणानंच हे झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दाब तुमच्या आईलाही होता. पण रोजची घाई आणि धाक असला की दाब खाली यायचं नाव घेत नाही, हे पुष्कळदा दिसतं. गोळ्या थांबवल्या, हा मात्र घात झाला. आणि अजूनही ती घेत नाहीये. गिळता येतं तिला, पण तोंड फिरवते. असंच चाललं तर दुसरा झटका येईल, आणि त्यातून ती उठणार नाही."

नेवेनानं पाहिलं. यान्काच्या चालत्या डाव्या मुठीत ते शिसं होतं. गोळी पुढे केली की ती मूठ आणखी घट्ट व्हायची.

दुसऱ्या दिवशी जेवणघरात आजी पळी तापवून बसली होती. नेवेनानं आपलं मशीन उचलून आणलं, स्टुलावर ठेवलं आणि त्यावर लाल कापड घातलं.

"आजी, हे सारखं अडकतंय. घाबरलंय बिचारं. ओत की."

बायका हसल्या. आजीचा चेहरा उतरला. "थट्टा करतेस? शिसं ओतणारा हात वारशानं यावा लागतो."

"मग माझ्या बिनवारशाच्या हातानं बघू या." नेवेनानं पळी घेतली आणि तापलेलं शिसं गार पाण्यात ओतलं. काटेच काटे. "बघा, केवढी भीती. मुकादमीण ह्याच्यावरही ओरडत असणार."

हशा पिकला. तिनं त्याच पाण्यात दुसरी पळी ओतली, मग तिसरी, जराशी निवू देऊन, हळूच, अगदी जवळून. गुळगुळीत काळीज बाहेर आलं. आता कुणी हसलं नाही.

"भांड्याला हात लावा," ती म्हणाली. "पाणी गरम झालंय. गार पाण्यात तापलं शिसं फुटतं, गरम पाण्यात जरा निवलेलं हळूच ओतलं की गोल बसतं." तिनं भांडं रिकामं केलं, गार पाणी भरलं, शिसं पुन्हा तापवून ओतलं. पुन्हा काटे.

"श्रद्धेशिवाय..." आजी पुटपुटली.

"मशीनची कुठली श्रद्धा, आजी?"

मागून स्लावका म्हणाली, "पण मला गुण आला होता गं. खोटं कसं म्हणू?"

"खोटं नव्हतंच ते. तीन दिवस तू काय केलंस?"

"झोपले."

"आणि सुट्टी बंद झाल्यावर? शिसं तेच, आजी तीच. मग गुण कुठे गेला?" नेवेनाचा आवाज फाटला. "माझी बहीण शिशानं बरी झाली नव्हती गं. तिला तीन दिवस कुणी ओरडलं नव्हतं, एवढंच. गोळ्या चालू ठेवा. आणि विश्रांती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मागा, सगळ्या मिळून मागा. तो आपला हक्क आहे, कुणाचा चमत्कार नाही."

घंटा झाली. स्लावका जागची हलली नाही. मग बाकीच्याही बसून राहिल्या. साहेब दारात येऊन उभे राहिले, तरी कुणी उठलं नाही.

संध्याकाळी नेवेनानं यान्काच्या उशाशी मशीनचं काळीज ठेवलं. तसंच गोल, तसंच गुळगुळीत.

"हे माझ्या मशीनचं. मीच ओतलं," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. भांडं गरम लागलं होतं तेही. "तेव्हाच विचारायला हवं होतं गं मी. चुकले."

यान्का त्या शिशाच्या गोळ्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता. नेवेनानं गोळी पुढे धरली. घ्यायची तर त्याच एका हातानं घ्यावी लागणार होती.

यान्कानं मूठ उघडली. शिसं फरशीवर पडलं, आणि तिनं गोळीसाठी हात पुढे केला.