उघाडीचे तीन ठोके

माझा स्वभाव तापट आहे, सगळं गाव सांगेल. पण त्या दिवशी राग आला तो फक्त स्वतःचा.

पनवेलच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका कंपायलरचं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा रूपात आणणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेज बांधत होते. भाषा फंक्शनल, म्हणजे प्रोग्रॅम गणितासारखा लिहायचा. आणि तो नखाएवढ्या चिपवर चालायला हवा. चिपमध्ये जागा कमी, म्हणून हा कंपायलर भलताच कंजूष. प्रोग्रॅमच्या ज्या तुकड्याचं, म्हणजे फंक्शनचं, उत्तर पुढे कोणी वापरत नाही, ते तो सरळ टाकून देतो.

पहिली चिप मी आमच्याच उघाडीवर बसवली. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडलं की आमच्या कोळंबीच्या तळ्यातलं पाणी खाडीत धो धो सुटतं. त्याआधी बाबा दारापुढच्या खड्ड्यात उतरून गाळ काढतात. पूर्वी दार विठूकाका उघडायचा, आणि उघडण्याआधी फळीवर तीन ठोके द्यायचा, म्हणजे खाली असेल त्याने वर यावं. दिवाळीत तो काविळीने गेला. मग ओहोटीला दार आपोआप उघडणारी मोटर आली, आणि मी फळीशी एक हातोडी लावून चिपला तीन ठोके शिकवले. पहिल्या दिवशी बाबा फोनवर म्हणाले, "ठोके पडले गो बाय, झ्याक." मी तपासायलासुद्धा गेले नाही. मोठी शहाणी ना मी.

तीन आठवड्यांनी, पॅकेजचा आकार कमी करावा म्हणून चिपमध्ये उरलेल्या फंक्शनांची यादी उघडली. दार होतं, मोटर होती, ठोके नव्हते. त्यांचं उत्तर मी कुठे वापरलंच नव्हतं. कंपायलरने ते पहिल्याच दिवशी टाकून दिले होते. मग तीन आठवडे बाबा कोणाच्या भरवशावर खड्ड्यात उतरत होते?

स्कूटर काढली आणि भर दुपारी बांधावर गेले. हातोडीवर कोळ्याचं अख्खं जाळं होतं, एक धागा तुटलेला नाही.

"रोज पडतात की," बाबा म्हणाले. "जरा दमानं, विठू द्यायचा तसे. आवाज खालून येतो, एवढंच."

अंगावर सर्रकन काटा आला. लॅपटॉप मांडीवर घेऊन चूक दुरुस्त केली, चिप पुन्हा भरली, जाळं पुसलं. "आज उतरू नका," एवढं सांगितलं. पण बाबांनी माझं कधी ऐकलंय? मी वायरी आवळत होते तोवर ते फावडं घेऊन खाली.

ओहोटी लागली. हातोडी पडली, टक, टक, टक. बाबांनी मान वर केली आणि तिथेच उभे राहिले.

"बाबा, वर या."

"ह्यो त्याचा ठोका नाय," ते शांतपणे म्हणाले. "तो देईल, मग येतो."

मोटर घरघरली. दार वीतभर उचललं गेलं, पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आपटलं. मी बॅटरीची वायर हिसडून काढली, तेव्हा कुठे दार थांबलं. बाबा धडपडत बांधावर आले. मी त्यांचा दंड गच्च धरला आणि मला रडू फुटलं, रागाने की भीतीने, कोण जाणे.

ते माझ्याकडे बघत नव्हते. पाण्याकडे कान देऊन बराच वेळ बसून राहिले.

"तू ठोके दिलेस ना," शेवटी म्हणाले, "त्याला वाटलं, आता आपली गरज नाय. गेला तो."