अंगठ्यापुरता दावा

जावयाने फुटबॉलच्या गोलरक्षकांसाठी हातमोजा बनवला होता आणि त्याच्या पेटंटची सुनावणी होती. "आधाराला मी येतो," म्हणत सासरेबुवा न बोलावताच सोबत निघाले. खेळाचं सामान विकण्यात त्यांची हयात गेली होती. आपल्या शब्दाला तिथे वजन असणारच, याबद्दल त्यांना तरी शंका नव्हती.

परीक्षक बाईंनी मोजा हातात घातला. बोटांच्या पाठीवर एकात एक अडकलेल्या पट्ट्या होत्या. बोटं पुढे वाकत, मागे मात्र जात नसत.

"हे नवं आहे, असा तुमचा दावा?"

"नवं म्हणजे अगदी कोरं करकरीत!" जावयाआधी सासरेबुवाच बोलले. "असलं काही मी जन्मात पाहिलेलं नाही."

बाईंनी शांतपणे एक जुनं पेटंट पुढे सरकवलं. मोजा हॉकीचा, पण पट्ट्या त्याच. शोधकाचं नाव वाचून जावई उडालाच.

"बाबा, हे तर तुम्ही!"

सासरेबुवांनी चष्मा चढवला, काढला, पुन्हा चढवला. कुणीच विकत न घेतलेला तो मोजा ते साफ विसरले होते. आठवताच त्यांनी कोलांटी मारली. "म्हणजे चोरी! घरच्या माणसानेच माझ्या शोधावर डल्ला मारला!"

"आत्ता तर जन्मात पाहिलं नव्हतं ना?"

"मध्ये बोलू नका, जावईबापू!"

बाई हसू दाबत म्हणाल्या, "त्या पेटंटची मुदत कधीच संपली. चोरी नाही, पण जे आधीच जगजाहीर आहे, त्यावर यांना हक्क मिळणार नाही. हा दावा बाद. आणखी काही?"

जावयाने अंगठा दाखवला. त्याची पट्टी खाचेत सरकत होती. अंगठा तळव्याकडे वळे, मागे मुरगळत नसे. जुन्या मोज्यात अंगठ्याला पट्टीच नव्हती.

"त्यात काय मोठंसं!" सासरेबुवा फणकारले. "हे कुणालाही सुचेल."

"जाणकाराला सहज सुचण्यासारखं असेल, तर हाही दावा बाद," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर जाणकार. तुम्हाला का नाही सुचलं?"

"डोकं कमी खाजवलं का मी? पट्टी लावली की काठीच धरता येईना. शेवटी नाद सोडला." बोलण्याच्या भरात त्यांनी उजवा अंगठा वर केला. तो बाहेरच्या बाजूला चांगलाच वाकडा होता. "चाचणी मीच घेतली होती."

जावयाने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

सरकत्या पट्टीचा अंगठा बाईंना दुसऱ्या कुठल्याही जुन्या शोधात सापडला नव्हता. तेवढ्यापुरता दावा त्यांनी मान्य केला.

"बाई भारी बेरकी," जिना उतरताना सासरेबुवा धुसफुसत होते. पण मोजा त्यांच्याच हातात होता. जावयाने तो मागितला, तेव्हा बोटं उघडमीट करत ते म्हणाले, "थांबा हो जरा. अजून खोट शोधतोय."