बटण सोड, आजी

नातीच्या, साक्षीच्या त्या सीबी रेडिओवर, म्हणजे माइकवरून बोलायच्या बिनतारी यंत्रावर, स्नेहलताबाईंचा पहिल्या दिवसापासून राग. सोळा वर्षांची पोर अभ्यास टाकून ट्रकवाल्यांशी गप्पा मारते म्हणजे काय! वर तिथं खरं नाव सांगत नाही, ‘कोकम’ म्हणवून घेते. परसात ही उंच एरियल. कराडहून आयर्लंडमधल्या पोर्टलीशला लेकाकडे आल्यापासून “काढ बाई ती काठी” असं बाई रोज एकदा तरी म्हणायच्याच.

आणि आज वादळानं वीज गेली, मोबाइल मुके झाले, नि सकाळी दूध आणायला गेलेले शशिकांतराव तीन तास झाले तरी परतले नव्हते. लेक-सून दोघं हॉस्पिटलात ड्यूटीवर. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर बोचरा वारा, आणि यांची बीपीची गोळी डबीत तशीच!

साक्षीनं मात्र रेडिओला गाडीची बॅटरी जोडली आणि माइक उचलला. आपल्या आयरिश इंग्रजीत ती रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना शांतपणे सांगत राहिली. म्हातारे गृहस्थ, मरून रंगाची माकडटोपी, हातात कापडी पिशवी. एकानं दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. बाई बघतच राहिल्या. जेवताना मान वर न करणारी ती हीच का पोर? गुणाची गं माझी बाय!

वीस मिनिटांनी एक घोगरा आवाज आला. “कोकम, तुझे आजोबा सापडले. पण अनोळखी माणसाच्या गाडीत बसणार नाही म्हणतायत.”

“जन्माचे हेकट!” बाईंनी माइक हिसकावून त्याचं बटण दाबलं. “अहो, ऐकू येतंय का? बसा मुकाट्यानं! कुणी सांगितलं होतं दुधाचं? कधी म्हणून माझं ऐकलंत का? आता तरी…”

“आजी, बटण सोड.” एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी साक्षी चक्क मराठीत बोलली. “तू दाबून धरलं तर आजोबा बोलू नाही शकत.”

बावन्न वर्षांच्या संसारात बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बटण सोडलं.

थोडी खरखर झाली. मग ओळखीचा, पण कापरा आवाज आला. “स्नेहल, झाड आडवं पडलंय. वळसा घालून निघालो तर रस्ताच चुकला. सगळी शेतं सारखीच गं. घाबरलो होतो मी.”

बायपासच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा हा माणूस ‘घाबरलो’ म्हणाला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बटण दाबलं.

“बसा त्यांच्या गाडीत. आपल्या साक्षीची माणसं आहेत ती. आणि बोला तुम्ही, ऐकतेय मी.”

मग कुणी न सांगता त्यांनी बटण सोडलं.