मास्तरांची पट्टी

मास्तरांनी जन्मभर कुलपं दुरुस्त केली, पण लोक त्यांना मास्तर म्हणायचे ते चर्चच्या गायकवृंदामुळे. कितीतरी वर्षं तो त्यांनीच चालवला. मग एका रविवारी पाळकांनी फार गोड शब्दांत सुचवलं, की आता तरुणांना पुढं येऊ द्यावं. मास्तरांनी हसून मान डोलावली, घरी आले, आणि पुढची दोन वर्षं त्यांच्या तोंडून सूर म्हणून निघाला नाही. आंघोळ करतानासुद्धा नाही. जेवायचे, पेपर उघडायचे, भिंतीकडे बघत बसायचे. माणूस घरात आणि घर मात्र ओसाड. ती दोन वर्षं बायकोनं कशी काढली, ते तिचं तिलाच माहीत.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते ज्येष्ठांच्या भक्तिगीतसभेनं. महिन्यातून एकदा, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ती भरायची. घडीच्या खुर्च्या, मोठ्या अक्षरांत छापलेली गीतं, आणि गुडघ्यांचा विचार करून उभं राहायची सक्ती नाही. प्रार्थनेत कुणाला डुलकी लागली तर शेजारचा कोपरानं ढोसायचा, एवढीच काय ती शिस्त. आधी सगळ्यांनी मिळून गीतं म्हणायची, मग एकदोघांनी उठून साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कशातून तारलं ते सांगायचं, पण निम्म्या साक्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर घसरायच्या. मग चहा. आणि चहानंतर मास्तरांचं गाणं.

त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात सूर असा काही वर चढायचा, की ऐकणाऱ्याच्याच गळ्याला रग लागावी. मास्तर तिथं डोळे मिटायचे, सूर लागायचा, लोक ‘आमेन’ म्हणायचे. खाली बसताना मास्तर हटकून म्हणायचे, की बघा, गळा अजून होता तिथंच आहे.

गळा कुठला तिथं असायला? पण ते ठाऊक होतं फक्त मास्तरीणबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कारण कीबोर्ड त्या वाजवायच्या. त्या कीबोर्डला एक बटण होतं. एकदा दाबलं की पट्टी अर्ध्या सुरानं खाली यायची, बोटं मात्र जिथल्या तिथं. पहिल्या वर्षी त्यांनी ते एकदा दाबलं, पुढं दोनदा, आणि आता चारदा. गाणं संपलं की यंत्र बंद करायचं, म्हणजे सगळं मूळपदावर. ताकास तूर लागू दिली नव्हती बाईंनी. चोरटेपणाची लाज वाटायची त्यांना, नाही असं नाही. पण नवऱ्याला कळलं तर तो पुन्हा तोंड मिटून बसेल, आणि असली आणखी दोन वर्षं आपल्याच्यानं निघणार नाहीत, ही धास्ती त्या लाजेहून मोठी होती.

तशात बाई न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. या महिन्यात कीबोर्डवर सून बसणार असं ठरलं. सून एका प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या बनवायची. हात हलका, सुरांची जाण चांगली, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. तिला बटणाचं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत ते सासऱ्यांच्या कानावर गेलंच म्हणून समजा. तेव्हा बाईंनी ठरवलं, की सांगायचं नाहीच. चहाच्या वेळी सगळे कपांभोवती जमले, तशा त्या गळ्यात अडकवलेला हात सांभाळत कीबोर्डापाशी गेल्या आणि डाव्या हातानं चार वेळा बटण दाबून आल्या. पट्टीचा आकडा दाखवणारा इवलासा पडदा कधीचाच बंद पडलेला होता, त्यामुळे कुणाला काही दिसण्याचा प्रश्न नव्हता. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सून कप ठेवून जागेवर गेली, तिनं कीबोर्डावर काहीतरी केलं आणि सासऱ्यांकडे बघून मान हलवली. आणि पहिला सूर निघाला.

अख्खा हॉल तळघरात उतरला म्हणायचा. मास्तर सुरुवातीलाच घोगरले. मंडळी मागून धृपद म्हणू लागली, ती विहिरीत पडल्यासारखी. एक निवृत्त बस ड्रायव्हर तेवढा खुशीत आला, कारण त्याच्या जाड, ढाल्या आवाजाला मानवेल असं गाणं त्याला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. तो एकटाच पुढं गात राहिला, मग तोही थांबला.

सुनेचा चेहरा लाल झाला. "बाबा, तुम्ही चारदा म्हणालात," ती सगळ्यांदेखत बोलून गेली, "मी चारदाच दाबलं."

मास्तरांनी कीबोर्डाकडे बघितलं. मग हळूच पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे. बाईंना आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे या माणसाला माहीत होतं. आपण जीव मुठीत धरून बटणं दाबत होतो, आणि हा वर तोंड करून गळ्याच्या फुशारक्या मारत होता.

मास्तर त्यांच्या खुर्चीपाशी आले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा दाबलंस, त्या दिवसापासून. मला सूर कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुन्हा धास्तावली असतीस, की हा आता गप्प बसणार," मास्तर म्हणाले. "त्या दोन वर्षांत तुझे काय हाल झाले, ते मला दिसत होतं. बोलता तेवढं येत नव्हतं."

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी नेमका प्लास्टरचाच हात उचलला. मास्तरांनी आपला रुमाल पुढं केला. मग ते मंडळीकडे वळले आणि साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखे म्हणाले, की माझा गळा उतरलाय, बरीच वर्षं झाली, आणि तो आजवर झाकला माझ्या बायकोनं. कुणी ‘आमेन’ म्हटलं नाही. म्हणावं की नाही ते कुणाला कळेना.

"आज किती खाली घेऊ?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"पाच," त्या म्हणाल्या. "मागच्याच महिन्यात पाच हवे होते. माझा धीर झाला नाही."

मास्तरांना ते लागलं, हे सगळ्यांना दिसलं. ते क्षणभर खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग सुनेला म्हणाले, "आई सांगतात तसं कर."

सुनेनं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि ती या खेपेला चूक नको म्हणून मोठ्यानं मोजत बटण दाबायला लागली. दोनपासून बस ड्रायव्हर तिच्याबरोबर मोजू लागला, तीनला मागच्या रांगा आल्या. पाच म्हणायला सगळा हॉल होता, आणि त्यात मास्तरही होते.