मळे आणि सरी

मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी बाजू घ्यायला नको.

निहार, माझा मुलगा, मला मोर्शीहून बेंगळुरूला घेऊन आला त्याला दीड वर्ष झालं. एचएसआर लेआउट मागे टाकून बरंच पुढे गेलं की शहर संपता संपता त्याचं घर लागतं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गंगव्वाचं पत्र्याचं छप्पर, त्यात एक गाय आणि तिचं तीन महिन्यांचं वासरू. गंगव्वा त्याला पुट्टी म्हणायची. गुराढोरांत वाढलेली मी, मला तिथे माहेर सापडलं. तिला मराठी येत नव्हतं, मला कन्नड. तरी रोज सकाळी कुंपणाशी आमच्या गप्पा रंगायच्या.

सून शमिका इथे बेंगळुरूतच, यशवंतपूरला वाढलेली, कन्नड तिच्या जिभेवर. "आई, रोज दहा शब्द शिकवते तुम्हाला," ती म्हणायची.

"कशाला? मला सगळं कळतं," मी म्हणायची. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्या दोन शब्दांवर माझा संसार चालला होता.

चैत्रात करंज फुलला. खाली पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडायचा आणि पुट्टी तो हुंगत बसायची. दूध पिऊन टाकू नये म्हणून गंगव्वा तिला दिवसा गायीपासून लांब, त्या करंजाखालीच बांधायची. हवेचा मात्र नेम नव्हता. सकाळी कडक ऊन, चारला अंधारून येणार, आणि बऱ्याचदा चार थेंब टाकून फजिती करणार.

त्या गुरुवारी गंगव्वा बहिणीकडे आनेकलला गेली. जाताना पुट्टीचं दावं माझ्या हातात देऊन माझा हात दाबला. मला केवढा अभिमान वाटला!

दोन वाजता तिचा फोन आला तेव्हा घरात मी एकटीच होते. आमच्याकडे लख्ख ऊन होतं. फोनमध्ये नुसती खरखर, तिचा आवाज घाईचा. "अक्का, मळे बरुत्ते! करु... करु ओळगे..." बाकीचं डोक्यावरून गेलं.

पण मळे! आणि करू! मी किती दिवस तिला हातवारे करून सांगत होते की मागच्या पडीक तुकड्यात मेथी-पालक लावू, छानसा मळा करू. शेवटी पटलं तर बाईला!

"सरी, सरी!" मी ओरडले.

आणि तशीच ऑटो करून बिया आणायला एचएसआरला गेले. मेथी घेतली, पालक घेतला, दुकानदाराशी कोथिंबिरीवरून हुज्जत घातली. त्या हुज्जतीतच आभाळ काळं झालं. मग गारा. बोराएवढ्या गारा पत्र्यावर ताडताड वाजत होत्या आणि मी बियांच्या पुड्या पदराखाली धरून दुकानाच्या पायरीवर उभी होते. पुट्टी आठवली तशी मी भर गारांत रस्त्यावर उतरले. एकही ऑटो थांबेना.

घरी पोचले तेव्हा पुन्हा ऊन पडलं होतं. करंजाची मोठी फांदी खाली आली होती, फुलांसकट, पुट्टीच्या अंगावर. दावं खुंटीला तसंच घट्ट होतं. गाठ मीच तपासली होती सकाळी. दावं सुटलं असतं तर पळालं असतं बिचारं वासरू. मी चिखलात बसले आणि मोठ्याने रडले.

संध्याकाळी गंगव्वा आली. रडली नाही. फांदी बाजूला करून पुट्टीच्या कानातली फुलं काढत बसली. मग शमिकाला काहीतरी विचारलं. शमिका माझ्याकडे वळली.

"आई, त्यांनी फोन केला होता? तुम्ही सरी म्हणालात?"

"मळा करायचा म्हणत होती ना ती."

शमिकाने डोळे मिटले. "मळे म्हणजे पाऊस, आई. करु म्हणजे वासरू. पाऊस येतोय, वासरू आत बांधा, असं सांगत होत्या."

रोज पुट्टी म्हणणारी बाई नेमकी त्याच दिवशी करु का म्हणाली? घाईत म्हणाली असेल. आणि मी तिला काय उत्तर दिलं? सरी! आमच्याकडे सरी कशाच्या येतात ते मोर्शीचं शेंबडं पोरही सांगेल.

"आवाज नीट आला नाही, असं सांगू का?" शमिका हळूच म्हणाली.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण छपरात गाय हंबरत होती.

"नको. सांग, आवाज आला होता. मला कळलं नाही. तिचं कधीच काही कळत नव्हतं, मी नुसती मान हलवायची. सगळं सांग."

शमिकाने सांगितलं. गंगव्वा हातातली फुलं खाली ठेवून उठली. मग दोनच वाक्यं बोलली आणि छपराकडे गेली.

"काय म्हणाली?"

शमिका घराकडे वळली. मी तिचा दंड धरला.

"म्हणाल्या, नवरा गेल्यापासून मनातलं सगळं अक्कांनाच सांगत होते. मला वाटायचं, त्यांना कळतंय."